‘इतर’मधली सही

मबरूकने डॉक्टर नजीबांसाठी सही केली होती ती अगदी राजीखुशीने. त्याची मुलगी अहलाम सात वर्षांची असताना तिला मेंदूज्वर झाला होता, तेव्हा सिलियाना गावच्या इस्पितळात याच बाई तीन दिवस तिच्या उशाशी बसून होत्या. आता बाई राष्ट्राध्यक्षपदाला उभ्या राहत होत्या. त्यासाठी हजारो मतदारांच्या पाठिंब्याच्या सह्या लागत होत्या आणि एकोणीस वर्षांची अहलामच अर्जांचा गठ्ठा घेऊन दारोदार फिरत होती. पहिली सही बापाची. त्याने ती मोठ्या ऐटीत ठोकली.

ही ऐट घरातली. कॅफेत त्याने त्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता. तीस वर्षं बस चालवून निवृत्त झालेला माणूस, दुपारी चार मित्रांत रमी खेळायची, तिथे आपल्या शब्दाला मान असायचा, एवढीच काय ती इभ्रत. ती उगाच कोण पणाला लावतो?

ऑगस्टमधल्या एका दुपारी कॅफेतल्या टीव्हीवर मतचाचणी लागली. मोठ्या उमेदवारांचे हसरे फोटो, रंगीत खांब. डॉक्टर नजीबांचा फोटोसुद्धा नव्हता. खाली बारीक अक्षरांत ‘इतर’ लिहिलेलं होतं, त्यात त्यांचे शून्य पूर्णांक तीन टक्के.

“शून्य पूर्णांक तीन!” हम्मादीने हातातले पत्ते पालथे ठेवले. “म्हणजे एक ती, एक तिची आई. आणि आईचंही अजून नक्की नाही!”

सगळं कॅफे हसलं. मबरूकही हसला, जरा जास्तच मोठ्याने.

पुढची बातमी बनावट सह्यांची होती. ओळखपत्राचा नंबर मोबाईलवर टाका, आपली सही कुठल्या उमेदवाराच्या अर्जावर आहे ते कळेल, असं निवेदिका सांगत होती. झालं, ज्याने त्याने खिशातून ओळखपत्र काढलं. हम्मादीने मबरूकचंही ओढून घेतलं. नको म्हणावं तर संशय येणार, म्हणून मबरूकने त्याला नंबर टाकू दिला.

“या अल्ला! मबरूक, तू डॉक्टरीणबाईंचा माणूस? अरे, शून्य पूर्णांक तीनमधला तीन सापडला रे!”

सगळ्या खुर्च्या त्याच्याकडे वळल्या.

“मी?” मबरूकने कानांवर हात ठेवले. “मी कशाला सही करतोय? कुणीतरी माझं नाव वापरलंय!”

शेजारच्या टेबलावर गावच्या रेडिओचा शुक्री बसला होता. “सी मबरूक,” त्याने अदबीने हाक मारली, “एवढंच माईकवर सांगाल?”

त्याने सांगितलं. पहिल्यांदा बोलताना जीभ अडखळली होती. दुसऱ्यांदा आवाजात चांगला संतापही आला.

रेडिओवरचं ते बोलणं वाहिन्यांनी उचललं आणि संध्याकाळी मबरूक टीव्हीवर होता. डॉक्टर नजीबांना त्या दिवसापर्यंत कुठल्याही वाहिनीने अर्धं मिनिट दिलं नव्हतं, मबरूकमुळे त्यांना चार मिनिटं मिळाली. प्रत्येक अर्जाखाली सही गोळा करणाऱ्याचंही नाव असतं, हे त्याला तेव्हा आठवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अहलामला निवडणूक कचेरीत बोलावलं. ती त्याच्याकडे न बघता गेली. मबरूक तिच्या मागोमाग जायला चपला घालून दारात उभा राहिला, आणि दारातच राहिला. दुपारी रेडिओवर शुक्रीचा आवाज आला: बापाच्या नावाची सही आपणच केली, असं स्वयंसेविकेने मान्य केलंय, डॉक्टर नजीबांचा याच्याशी काही संबंध नाही.

अहलाम परत आली आणि भाजलेल्या मिरच्यांची सालं काढायला बसली.

“असं का सांगितलंस, पोरी?”

“बाईंवर यायला नको म्हणून. आणि...” तिने साल बोटावरून झटकलं. “मी खरं सांगितलं असतं तर तुम्ही खोटे ठरला असता. मग त्या कॅफेत तुम्हाला पत्ते कोण वाटणार होतं, बाबा?”

“आता पुढे काय?”

“केस होईल म्हणाले.”

मबरूकला तिच्यासमोर उभं राहवेना. तो तडक कॅफेत गेला आणि शुक्रीच्या टेबलावर हात आपटून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, “सही माझी आहे. मीच केली, माझ्या हाताने. मी खोटं बोललो. काढ तुझा माईक!”

कुणीच हसलं नाही. शुक्रीने माईक काढला नाही. “सी मबरूक, मुलगी अडकल्यावर कुठलाही बाप हेच म्हणेल. लोकांना काय ते कळतंय.”

“अरे, पण खरंच माझी आहे!”

“हो, हो,” हम्मादी उठला, त्याने मबरूकच्या खांद्यावर हात ठेवला. इतक्या हळुवार आवाजात तो कधी बोलला नव्हता. “तुझ्यासारखा बाप मिळाला हे तिचं नशीब. पोरीने नाव घालवलं तरी पांघरूण घालतोयस. बस बाबा, बस.”

कुणीतरी खुर्ची सरकवली, कुणीतरी त्याच्यासाठी पुदिन्याचा चहा मागवला. हम्मादीने पत्ते पिसले आणि सर्वांत आधी मबरूकला वाटले. तो बराच वेळ उभा राहिला. मग खाली बसला आणि त्याने पत्ते उचलले.