नीलपंखचा मधला भाग

मित्रांनो, माझ्या पोटात एक पिक्चर आहे. त्याला सुरुवात आहे, शेवट आहे, मधला भाग मात्र जवळजवळ नाहीच. मी एक जुनी व्हिडिओ कॅसेट. पावणे गावातल्या एका घरात, कपाटाच्या वरच्या फळीवर, जुन्या चादरींच्या शेजारी राहते. अंगावर थोडी बुरशी चढली आहे, पण पोटातली फीत अजून अखंड आहे. म्हणून वाटलं, फीत शाबूत आहे तोवर सांगून टाकावं.

माझा जन्म मुंबईतल्या एका कोंदट खोलीत झाला. वीस यंत्रं ओळीने मांडली होती आणि आम्हा वीस बहिणींच्या पोटात एकच पिक्चर एका वेळी उतरवला गेला. काम झाल्यावर एका माणसाने स्क्रू-ड्रायव्हरने माझ्या कडेची चिमुकली प्लॅस्टिकची चकती मोडली. मला वाटलं, जन्मतःच माझा दात पाडला. पुढे कळलं, ती चकती मोडली की कॅसेटवर दुसरं काही उतरवता येत नाही. म्हणजे तो माणूस माझं रक्षणच करत होता.

माझ्या पोटातला वीर म्हणजे कार्टूनमधला नीलपंख. गोष्ट सरळ तीन भागांची. पहिल्या भागात घड्याळं दुरुस्त करणाऱ्या बापाचा मुलगा निळे पंख बनवतो, शहर वाचवतो, लोक त्याला डोक्यावर घेतात आणि मग त्याच्या डोक्यात हवा जाते. दुसऱ्या भागात त्याचे पंख जळतात आणि तो समुद्रात कोसळतो. तिसऱ्या भागात तो एकाच पंखावर, मुखवटा न घालता परत येतो, दुष्टाला हरवतो आणि शेवटी धक्क्यावर उभ्या असलेल्या एका म्हातारीच्या पाया पडतो. ही म्हातारी कोण, ते मधल्या भागात कळतं. पण खरं सांगू? तरुणपणी मला मधला भाग कंटाळवाणाच वाटायचा. त्यात ना उडणं, ना मारामारी. मुलंही नीलपंख पडला की बटण दाबून मला पुढे पळवायची.

माझी पहिली नोकरी कोपरखैरण्याच्या एका व्हिडिओ लायब्ररीत होती. मालक रणजीत, साताऱ्याकडचा. त्याचे वडील मार्केटमध्ये पोती उचलत आणि हा आमच्यासारख्या दीडशे कॅसेटी सांभाळत असे. मला फार मागणी होती. फळीवर माझी पाठ टेकायची नाही, की दारात पुढचं पोरगं हजर. मग घरोघरी केबल आली आणि आम्हाला कुणी विचारेना. त्याच सुमारास पावण्याच्या धर्मराजची मुलगी संध्या काविळीने महिनाभर अंथरुणाला खिळली होती. तिला विरंगुळा म्हणून धर्मराजने मला रणजीतकडून कायमचं मागून घेतलं.

धर्मराजच्या वडिलांची भातखाचरं होती, तिथे आता रसायनांचे कारखाने उभे होते, आणि धर्मराज त्यांतल्याच एका कारखान्यात सुपरवायझर होता. घरात टीव्ही होता, व्हीसीआर होता, आणि होती त्याची थोरली बहीण पुतळा. सगळं गाव तिला पुतळाआत्या म्हणे. आत्या गावची धवलारीन. आगरी लग्नात मांडवाखाली बसून जी बाई धवले गाते, देवांना नावानिशी लग्नाला बोलावते, ती धवलारीन. आत्याने बोलावल्याशिवाय देव येत नाहीत आणि देव आल्याशिवाय हळद लागत नाही, असा गावचा रिवाज होता. त्यातही एक नियम कडक: धवला मध्येच थांबवायचा नाही, आणि मधूनच सुरूही करायचा नाही. पहिलं बोलावणं गावदेवीचं, मग बाकीच्यांचं.

संध्या बरी झाली, पण मी काही तिच्या हातातून सुटले नाही. नऊ वर्षांची पोर, शाळेतून आली की दप्तर भिरकावून मला व्हीसीआरमध्ये ढकलायची. आणि मित्रांनो, मला पुढे न पळवणारी ती पहिलीच. मधला भाग लागला की ती गुडघ्यांना मिठी मारून बघत बसायची. माझी छाती अभिमानाने फुगायची. तेवढे लाड मला पुरेसे होते.

पंच्याण्णव सालच्या मे महिन्यात धर्मराजच्या धाकट्या भावाचं, मिथुनचं लग्न निघालं. मुलगी जासईची. हळदीच्या दुपारी संध्या मला बघत होती. नीलपंखचे पंख पेटले, तो समुद्रात कोसळला, आणि तेवढ्यात आईने हाक मारली, "संध्या, घागरा नेसाला ये गो." तिने बटण बंद केलं, मला बाहेर काढून टीव्हीवर ठेवलं आणि पळाली. मला गुंडाळून मागे नेलं नाही. मी होते तशीच, पडलेल्या वीराशी थांबलेली.

बाहेर मांडवात आत्या गावदेवीला हाक घालायला बसत होती, आणि शूटिंगवाल्याची कॅसेट संपली. त्याच्या पिशवीत दुसरी नव्हती. सगळी फीत पोरांच्या नाचावर उधळली होती. आत्या काही थांबणार नाही हे साऱ्यांना ठाऊक. धर्मराज धावत घरात आला, हाती लागली ती कॅसेट उचलली. ती मी होते.

"हिची चकती मोडल्याय," शूटिंगवाला म्हणाला. "टेप चिकटवली तर चालंल. पन आत काय हाय बगा."

"काय नाय, पोराटोरांचा कार्टून हाय," धर्मराज म्हणाला. "लाव, लाव. आत्या सुरू करतेय."

माझ्या पडलेल्या दाताच्या जागी चिकटपट्टी बसली. पुढची सव्वीस मिनिटं माझ्या पोटातून नीलपंख पुसला जात होता आणि त्या जागी आत्याचा आवाज भरत होता. मला राग आला नाही असं म्हणणार नाही. पण असा आवाज माझ्यात आधी कधी उतरला नव्हता. जाड, खारट वाऱ्यासारखा, कुठेही न अडणारा.

लग्नाच्या गडबडीत मी परत टीव्हीवरच आले होते. चार दिवसांनी संध्याने मला लावलं. नीलपंख समुद्रात पडला, आणि पाण्यातून एकदम पुतळाआत्या वर आली, कपाळभर कुंकू लावून, पाच बायकांच्या मध्ये. संध्या उठून स्वयंपाकघराच्या दारात गेली.

"आत्या, तुझ्या गान्यानं माझा पिक्चर खाल्ला," ती म्हणाली.

आत्या हसली. तिला वाटलं, पोर गंमत करते आहे. पण संध्या तिच्याशी बोलेनाशी झाली. शूटिंगवाला धवला उतरवून घ्यायला मला मागायला आला, तेव्हा संध्याने रागाने मला तांदळाच्या पिंपात पुरून ठेवलं. शोधाशोध झाली. शेवटी त्याने लग्नाच्या कॅसेटमध्ये त्या जागी सनईचं संगीत लावून दिलं. घरातले म्हणाले, असू दे, आत्या काय कुठे जाते आहे? आपलं माणूस रोज डोळ्यांपुढे असलं की असंच वाटतं.

दिवाळीच्या तांदळाबरोबर मी बाहेर आले. सुट्टीत शेजारची पोरं जमली आणि मला लावलं. ज्यांनी पिक्चर आधी पाहिला नव्हता, त्यांना गोष्ट अशी दिसली: नीलपंख पडतो, एक बाई देवांना बोलावते, सव्वीस मिनिटांनी नीलपंख उठून येतो, आणि शेवटी एका म्हातारीच्या पाया पडतो.

"तुझ्या आत्यानं उठवला ना त्याला?" एका चिमुरडीने अगदी मनापासून विचारलं.

"गप बस. तसा नाय हाय तो," संध्या फणकारली. पण पोरं पुन्हा पुन्हा तेच बघायला येऊ लागली, आणि रागारागाने का होईना, संध्याला तो धवला पन्नासदा तरी ऐकावा लागला. ती वडिलांच्या मागे मात्र लागून राहिली, की माझा मधला भाग मला परत पाहिजे. धर्मराजने कबूल केलं. चूक त्याचीच होती.

त्याच सुमारास आत्याचा आवाज बसला. लग्नसराईत ओरडून बसला असेल, म्हणून सगळे काढ्यावर थांबले. शेवटी मोठ्या इस्पितळात नेलं तर घशात गाठ निघाली. ऑपरेशन झालं. आत्या वाचली, पण तिचा आवाज डॉक्टरांनी काढून घेतला. ती घरी आली ती गळ्याला पांढरं फडकं गुंडाळून. कुणाला हाक मारायची तर स्टीलच्या वाटीवर चमचा वाजवायची. पहिल्यांदा ती वाटी वाजली, तेव्हा संध्या न्हाणीघरात जाऊन खूप रडली. अबोला धरलेल्या माणसाचा आवाजच गेला, आता अबोला कुणाशी सोडायचा, हे त्या पोरीला कळेना.

घर इतकं सुनं झालं, की संध्याच्या अकराव्या वाढदिवसाला काहीतरी आनंदाचं करावं असं धर्मराजला वाटलं. त्याने रणजीतला गाठलं. रणजीतने पनवेलच्या मित्राकडून माझी एक बहीण मिळवली आणि रविवारी दुपारी दुसरा व्हीसीआर खांद्यावर टाकून तो आला. दोन यंत्रं वायरीने जोडली.

"हिकडनं वाजंल, तिकडं उतरंल," तो म्हणाला. "मधला भाग हाय तसा भरून देतो बघ पोरी."

मित्रांनो, मला तोंड असतं तर मी ओरडले असते. धर्मराजच्या डोक्यात त्या वेळी फक्त मुलीचा वाढदिवस होता. रणजीतला त्या फितीत काय आहे ते ठाऊकच नव्हतं. आत्या उंबऱ्यापाशी सुपात सुका जवळा निवडत बसली होती. रणजीतने नीलपंख कोसळल्याची जागा बरोबर धरली आणि बटण दाबलं.

पडद्यावर नीलपंख बुडू लागला. निळं पाणी, बुडबुडे, आवाज काही नाही. संध्या टाळी वाजवायच्या बेतात होती. एक मिनिट गेलं, दोन गेली. तिचे कान कशाची तरी वाट बघत होते. तिने वळून आत्याकडे पाहिलं. आत्याचे हात जवळ्यात होते आणि मान खाली होती.

"रणजीतदादा, बंद कर," संध्या म्हणाली. "बंद कर ना. आत्या पुसली जातेय."

रणजीतने यंत्र बंद केलं तोवर चार मिनिटं गेली होती. मागे नेऊन लावलं, तर नीलपंखला एक म्हातारी होडीत ओढून घेते, आणि पुढच्या क्षणाला आत्याचा आवाज एकदम मधूनच सुरू होतो, डोंगराच्या देवापासून. गावदेवीचं बोलावणं गेलं होतं.

"माझ्या हातानं दोनदा तीच चूक," धर्मराज म्हणाला. आत्याने सूप बाजूला ठेवलं. ऑपरेशननंतर आपलाच आवाज ती पहिल्यांदा ऐकत होती, आणि तोही बिनसुरुवातीचा. तिने हात हलवला. बंद करा, असं ती सांगत होती. मधूनच सुरू झालेला धवला ऐकायचा नसतो. मग तिने रणजीतकडे बोट केलं आणि पोरीकडे. पोरीचा पिक्चर पुरा कर, असं तिचं म्हणणं होतं.

संध्या उठली आणि आत्यापुढे मांडी घालून बसली. तिने डोळे मिटले.

"पयलं बोलावनं गावदेवीला," ती गाऊ लागली. आवाज बारीक, सूर वाकडा, पण शब्द एकही सुटला नाही. पन्नास वेळा रागाने ऐकलेलं सगळं आत साठून राहिलं होतं. मग आत्याने वाटी ओढली आणि चमच्याने ठेका धरला. सूर चुकला की वाटी दोनदा वाजे, आणि संध्या ती ओळ पुन्हा घेई. पुसलेल्या चार मिनिटांचा धवला त्या दिवशी अर्धा तास चालला. गावदेवी आली, खाडीचा देव आला, आणि संध्या डोंगराच्या देवापाशी पोचली तेव्हा रणजीतने न सांगताच मला सुरू केलं. पुढे आत्याचा आवाज लागला.

पिक्चर पुरा करायचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही. निघताना रणजीत म्हणाला, "जाऊदे, पनवेलची कॅसेट ठेवून जातो, संध्याकाळपर्यंत बघा तरी." सगळ्यांनी बघितली. मधल्या भागात ती म्हातारी नीलपंखला चुलीपाशी बसवते, पेज पाजते आणि त्याच्या उरलेल्या एका पंखाला टाके घालते. बस, एवढंच. संध्याने आत्याच्या मांडीवर डोकं ठेवून ते पाहिलं. मग उठून तिने नखाने माझ्या दाताच्या जागेवरची चिकटपट्टी सोलून काढली आणि माझ्या पाठीवर पेनने लिहिलं: "आत्या. पुसू नये."

आता मला कुणी लावत नाही. व्हीसीआरही बिघडला आहे. माझं काही गाऱ्हाणं नाही, एवढंच मागणं आहे: पावसाळा सरला की मला एकदा वारा द्या, आणि कुठल्याही जुन्या कॅसेटवर काही उतरवण्याआधी तिच्या पोटात काय आहे ते बघा. बघायला दोन मिनिटं लागतात.

परवा शेजारच्या आळीत लग्नाचा मांडव उभा राहिला. संध्या आता चौदा वर्षांची आहे. ती नेसून तयार झाली, कपाटापाशी आली, मला हात लावला आणि गेली. खिडकी उघडी होती. थोड्या वेळाने मांडवातून वाटीवर चमचा एकदा वाजला, आणि गावदेवीचं बोलावणं सुरू झालं. मी शेवटपर्यंत कान देऊन ऐकत होते. वाटी दोनदा वाजली नाही.