पान काढायला वेळ

“मुंग्यांच्या पुस्तकाला चार तारे,” याकोबानं फोन तोंडाजवळ धरून खणखणीत आवाजात सांगितलं. “एक तारा कापण्यात येत आहे. लेखक महाशय मुंग्यांची शिस्त सांगता सांगता माणसांना फार टाकून बोलले आहेत. मुंगीला निवडणूक नसते, लग्नकार्य नसतं, सासुरवाडी नसते. शिस्त पाळायला तिचं काय जातंय? वाचणाऱ्या बाईंचं वाचन मात्र उत्तम. धन्यवाद.”

“झाली का घोषणा?” त्याच्या बायकोनं, प्रेमाबाईनं, पिशवीत लोणच्याची बरणी कोंबली. “चला आता. गाडी जाईल माझी.”

“दौंड गाडी कवा येळेवर सुटलीया? मला शिकवतीस व्हय?”

त्याला शिकवण्यात खरंच अर्थ नव्हता. शिरूरच्या एसटी स्टँडवर खिडकीआड बसून माईकवर गाड्या पुकारण्यात त्याची सगळी नोकरी गेली होती. आवाज असा, की तिकडं बाजारात भाजी घेणारी माणसं पिशव्या उचलून पळत सुटायची. पुढं रिटायर झाला, गुडघ्याचं ऑपरेशन झालं, खाटेवर पडून पडून डोकं फिरायची वेळ आली, तेव्हा पुण्याच्या भाच्यानं त्याच्या फोनमध्ये ऐकायच्या पुस्तकांचं ॲप टाकून दिलं. गोष्टीबिष्टी याकोबाला नको होत्या. “खोटं कशाला ऐकायचं? खरं काय असंल ते लाव,” तो म्हणाला. मग भाच्यानं समाज आणि विज्ञान असा कप्पा उघडून दिला, आणि म्हातारा त्यात जो शिरला तो बाहेरच येईना.

माती, जंतू, तारे, मेंदू, शहरातली गर्दी, काही म्हणता काही सोडलं नाही त्यानं. प्रत्येक पुस्तकाखाली ‘तुमचं मत’ असा एक चौकोन होता. तिथं नुसतं बोललं तरी अक्षरं उमटत. याकोबापुढं माईक ठेवल्यावर मग काय विचारता! जंतूंच्या पुस्तकाबद्दल त्यानं कळवलं, की हात धुऊन धुऊन घरातला साबण संपला, पुस्तक चांगलं आहे. अंतराळाच्या पुस्तकाबद्दल कळवलं, की एवढं लांबचं सांगून आमच्या जिवाला घोर लावलात, जरा जवळचं सांगा. खेड्यातल्या जातीपातींवरच्या पुस्तकाला मात्र त्यानं नुसते तारे दिले. बोलला काहीच नाही.

प्रेमाबाईला वाटायचं, म्हाताऱ्याला चाळा लागलाय, बरंच झालं, माझ्यामागची कटकट गेली. तो कानात वायरी घालून बसायचा, त्यामुळं एक गोष्ट तिला कधी कळलीच नाही. वर्षभर तो एकाच बाईनं वाचलेली पुस्तकं निवडून निवडून ऐकत होता.

सुरुवात मातीच्या पुस्तकापासून झाली होती. “प्रकरण पहिले,” बाईचा आवाज आला आणि पुढं काहीच नाही. फोन बंद पडला की काय म्हणून तो बघायला गेला, तोवर वाचन सुरू झालं. दुसऱ्या प्रकरणाला पुन्हा तेच. तिसऱ्याला तो खाटेवर ताडकन उठून बसला, गुडघ्याची कळ मस्तकात गेली तरी. असं थांबणारी पोर त्यानं जगात एकच तयार केली होती.

इवा, त्याची लेक. फ्रॉक घालायची तेव्हापासून तिला चर्चमध्ये बायबलातला शास्त्रपाठ वाचायला त्यानंच उभी केली. “पुस्तकाचं नाव सांग, अध्याय सांग, आन् थांब,” तो तिला शिकवायचा. “लगीच सुटायचं न्हाई. मंडळीला पान काढू दे. म्हाताऱ्या बायांची बोटं हळू चालत्यात. शेवटचं पान गप झालं की मग वाच.” पोर थांबायची. सगळ्या बाकांवरून पानं सळसळायची, ती मान वर करून बघायची आणि मगच सुरू करायची. आता कानानं ऐकायच्या पुस्तकात कुणाला पान काढायचंय? पण ती थांबत होती. मध्येच लांबून इंजिनाचा भोंगाही ऐकू यायचा, तो दौंडचाच असणार. खाली नाव दिलं होतं : वाचन, इ. सम्राट.

सम्राट दौंडचा, रेल्वेत सिग्नलच्या कामावर. घरात बुद्धवंदना चालायची. पोरगा वाईट नव्हता, हे याकोबही मनातल्या मनात कबूल करी. दोघांनी नोंदणी लग्न केलं आणि पुढच्याच रविवारी इवा नेहमीसारखी चर्चला आली. वाचायची पाळी तिची होती. ती उभी राहिली, तिनं अध्याय सांगितला आणि ती थांबली. पानं सळसळायला लागली. तेवढ्यात चर्चचा कारभार बघणाऱ्या पंचांच्या बाकावरून याकोब उठला. “इवा, बस खाली. नीलम वाचंल,” तो मागच्या बाकावरच्या एका पोरीकडं बोट करून म्हणाला. बाकीचे पंच काय म्हणतील ही धास्ती, दुसरं काही कारण नव्हतं. कुणी त्याला उठ म्हणालंही नव्हतं. इवानं शास्त्र मिटून बाकावर ठेवलं आणि ती चालत बाहेर गेली. त्याला आता आठ-नऊ वर्षं होऊन गेली.

प्रेमाबाई महिन्याकाठी दौंडला जायची. इवाची अट एकच होती, तिच्यासमोर बाबांचं नाव काढायचं नाही. त्यामुळं बिचारी इकडचं तिकडं सांगू शकत नव्हती आणि तिकडचं इकडं सांगायला तिचं तोंड उघडत नव्हतं. याकोबही एकदा हिय्या करून दौंड गाडीत बसला होता. निमोण्याच्या फाट्यावर उतरला आणि परत आला. जाऊन बोलायचं काय, हेच त्याला सुचेना. आयुष्यभर बोलून पोट भरलेला माणूस तो, पण एक वाक्य काही केल्या जुळेना.

त्या दिवशी त्यानं प्रेमाबाईला गाडीत बसवून दिलं. गाडी गेली. तो स्टँडच्या बाकावर एकटाच बसून राहिला. मग काय वाटलं कोण जाणे, त्यानं फोन काढला, मुंग्यांचं पुस्तक उघडलं आणि चौकोनात पुन्हा बोलायला लागला. या खेपेला आवाज खणखणीत नव्हता.

“या बाई प्रकरणाचं नाव सांगून जरा थांबतात. ऐकणाऱ्याला पान काढायला वेळ मिळतो. असं वाचणारी मी आयुष्यात एकच ऐकली. तिला मध्येच खाली बसवणारा माणूस चुकला होता. कळावे. शिरूरचा एक श्रोता.”

पाठवून दिलं. हे पुसता येतं का, म्हणून त्यानं बरीच खटपट केली, पण जमलं नाही.

सहा-सात दिवसांनी प्रेमाबाई परतली. त्यानं तिच्या हातातली पिशवी घेतली.  घराचं कुलूप काढता काढता ती म्हणाली, “अहो, तिनं आज आपणहून इचारलं.”

“काय इचारलं?”

“घरात कुणी पुस्तकं ऐकतं का म्हून. मी म्हणलं, बाई गं, तुझ्या बाबांचा दिवसभर त्योच तर उद्योग हाय! बोलून गेले आन् जीभ चावली.”

“मग? रागावली?”

“न्हाई. उठून चहा टाकला.”

एवढंच. पण एवढ्यावर याकोबाला काय झालं म्हणता! दुसऱ्या दिवशी न्हाव्याकडं जाऊन आला. ठेवणीतला सदरा इस्त्रीला टाकला. रात्री जेवताना ताटाकडं बघत म्हणाला, “फुडच्या खेपेला मी येऊ का गं तुझ्यासंगट?”

प्रेमाबाईच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. “बघू. इचारते,” ती म्हणाली.

त्यानंतर तो रोज सकाळी उठल्या उठल्या ॲप बघायचा. उत्तर आलं नाही. महिना उलटता उलटता नवं पुस्तक मात्र आलं, विहिरी आणि जमिनीतल्या पाण्यावरचं. वाचन, इ. सम्राट. त्यानं स्वयंपाकघरात हाक मारली.

“अगं ए, ती भाकरी ठेव तव्यावरच. हिकडं ये.”

“करपंल की ओ!”

“करपू दे. ये म्हणतो ना.”

ती पिठाच्या हातानं आली. त्यानं एक वायर आपल्या कानात घातली, दुसरी तिच्या कानात. वर्षभर जपलेलं गुपित आज उघडं करायचं होतं त्याला. “ऐक आता. नाव सांगंल आन् थांबंल बघ,” तो म्हणाला, आणि त्याचा चेहरा लहान पोरासारखा झाला होता.

“प्रकरण पहिले. पृथ्वीच्या पोटातलं पाणी आपण...”

थांबली नाही. श्वाससुद्धा न घेता पुढं गेली.

“अगं बाई!” प्रेमाबाईनं तोंडावर हात नेला, नाकाला पीठ लागलं. “ही तर इवा! आपली इवा हाय ओ ही! मला कधी बोलली न्हाई!”

“थांब, थांब. चुकून झालं असंल.” त्यानं दुसरं प्रकरण लावलं. तिथंही तसंच. मग तिसरं. नावाला चिकटून पहिलं वाक्य. वाचन स्वच्छ होतं, शब्द न् शब्द मोकळा. फक्त ती जागा तिनं बुजवून टाकली होती. निरोप पोचला होता, आणि उत्तर हे असं आलं होतं. यात याकोबाला आता काही करता येण्यासारखं नव्हतं. मत कळवायचा चौकोन खाली उघडाच होता, पण त्यात सांगायचं काय आणि कुणाला?

“किती ग्वाड वाचती ओ माझी बाय,” प्रेमाबाई रडत होती आणि हसतही होती. “तुम्हीच शिकवलेलं ना सगळं. तुम्हाला ठावं हुतं आन् मला सांगितलं न्हाई? लई लबाड! ऐका की, कशी वाचती.”

“व्हय,” याकोब म्हणाला. “चांगलं वाचती.”

आत तव्यावरची भाकरी करपल्याचा वास सुटला. प्रेमाबाई उठली नाही. तिनं वायर बोटानं कानात आणखी घट्ट दाबली. याकोबानं पुढचं प्रकरण लावलं.

“प्रकरण चौथे,” इवा म्हणाली.

त्यानं अंगठ्यानं फोन थांबवला.

“आता का बंद केलं?” प्रेमाबाईनं विचारलं.

“थांब जरा,” तो म्हणाला. “मंडळीला पान काढू दे.”

तो मान खाली घालून बसला. सगळ्या बाकांवरची पानं गप होईपर्यंत त्यानं वाट बघितली, अगदी शेवटच्या म्हातारीचंसुद्धा, आणि मग फोन पुन्हा सुरू केला.