इंजिनातली आसरा

“बुवा, आसरा इंजिनात शिरली, तर ती रॉकेल पिते का पेट्रोल?”

केशरनं विचारलं आणि विहिरीवर जमलेला गाव तिच्याकडं वळून बघायला लागला. बुवाला हे विचारायची पैज नववीतल्या मैत्रिणींनी लावली होती. वर्गात सगळ्या खिदळल्या होत्या; इथं एकजणही हसला नाही.

झालं होतं असं. खांडेनवमीला तिच्या वडिलांनी, रंभाजींनी, पूजेसाठी पाण्याचं इंजिन धुतलं, कार्बोरेटर खोलून घासला, परत बसवला. तेव्हापासून इंजिन बाईच्या अंगात आल्यासारखं घुमत होतं. एकदम किंचाळायचं, धापा टाकायचं, पुन्हा किंचाळायचं. मांत्रिक गोरक्षबुवा म्हणाला, विहिरीतली जलदेवता, आसरा, इंजिनात शिरलीय. त्यानं लिंबू फिरवून मंत्र म्हटला की मिनिटाभरात गप्प! लोक हात जोडायचे.

“पन आसरा जायाची न्हाई,” बुवा म्हणाला होता. “ही शाळंतली पोर तिला नडती. नाव काढा शाळंतनं. न्हाईतर आसरा पोरीला पाण्यात वढंल!”

आईनं, भिमाबाईनं, लेकीला घट्ट धरलं. रंभाजी पुटपुटले, “उद्याच काढतो नाव.”

तेव्हाच केशरनं तो प्रश्न फेकला होता.

“जीभ झडंल, पोरी!” बुवा गरजला. “लावा रं इंजिन!”

इंजिन किंचाळलं. केशरच्या पाठीमागं काळी, खोल विहीर. खरंच कुणी पाय ओढला तर? तिनं डोळे मिटून घेतले, मग धीर करून उघडले. बुवाचा उजवा हात लिंबू फिरवत होता. आणि डावा? टाकीखालच्या कॉकवर, तेल बंद करायच्या चावीवर! तेल तुटलं की इंजिन मिनिटाभरात गप्प होणारच.

ती वाकली. बुवानं कॉक बंद करून हात काढताच तिनं तो परत उघडला.

मंत्र संपला. बुवा थांबला. इंजिन थांबेना.

“बुवा, आणखी एक मंत्र म्हना की!” गर्दीतली बनुबाई हसली.

“दादा, इंजिन बंद करा,” केशर वडिलांना म्हणाली. “कार्बोरेटर न् इंजिनाच्या फटीतलं पॅकिंग कुठंय?”

“चामड्याचं? पूजेत चामडं ठेवतात व्हय? दिलं फेकून.”

“तिथूनच जादा हवा शिरतीय, म्हणून घुमतंय!” गेल्या साली शेवगावचा मिस्त्री ते पॅकिंग कापत होता, तेव्हा पाना तिनंच धरला होता. तिनं स्वतःची शाळेची चप्पल काढली, वरचं चामडं कापलं, दोन भोकं पाडली आणि ते फटीत घालून कार्बोरेटर नीट आवळून बसवला.

इंजिन सुरू झालं. एका लयीत, शहाण्यासारखं. पाटात पाणी पडलं. बुवा लिंबू टाकून कधी सटकला, कुणालाच कळलं नाही.

केशर आईवडिलांकडं वळली.

“आई, दादा, भीती मलापण वाटली. पण भ्यालं तरी डोळे उघडे ठेवायचे. बुवाचे दोन्ही हात कुणी बघितलेच नव्हते.” तिनं कापलेली चप्पल उचलली. “उद्या नाव काढायला जाऊ नका. मी जाणार आहे शाळेत. अनवाणी जाईन, पण जाणार!”