गाडी पुसदला दहा मिनिटं थांबेल

मी एक खुर्ची बोलतेय. जे सांगणार आहे ते सगळं असंच घडलं का, याची मला खात्री नाही. खिळ्याबद्दल तर मुळीच नाही. माझ्या बैठकीच्या उजव्या कडेला एक खिळा वर आला होता आणि तो लहानग्या रजतला टोचायचा, असं मला आठवतं. की हे मी भीतीपोटी मागाहून ठरवलं? दिग्रसच्या एका महाविद्यालयात एकतीस वर्षं अर्थशास्त्राच्या विभागप्रमुखांखाली काढली आहेत. त्यानंतर पुराव्याशिवाय बोलायचं धाडस राहत नाही.

माझे पाय सागवानाचे, बैठक वेताची. माझ्यावर एकामागून एक तीन डॉक्टरेट बसल्या. मागणी आणि पुरवठा मला तोंडपाठ होता. मग वेत तुटला, पाठीवर ‘निरुपयोगी’ असं खडूनं लिहिलं गेलं आणि लिलावात रहमत मिस्त्रीनं मला तीन मोडक्या बाकांबरोबर उचललं.

त्याच आठवड्यात त्याच्याकडे पियुष आला. पियुषचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान, घराच्याच पुढच्या खोलीत. बायको दिपाली एसटीत कंडक्टर, दिग्रसहून पुसदमार्गे पुढे जाणाऱ्या गाडीवर. रजत त्यांचा एकुलता एक, पावणेतीन वर्षांचा आणि अजून डायपरमध्ये.

“रहमतभाई, पोट्ट्यासाठी संडासची खुर्ची पायजे. बाजारातल्या प्लास्टिकच्या दोन फेकून देल्ल्या त्यानं. वजनदार पायजे.”

रहमतनं माझ्याकडे बोट दाखवलं. “ही घ्या. कॉलेजातली आहे. एवढी शिकलेली खुर्ची, पोट्टं बसल्या बसल्या पास होईन.”

मग त्यानं माझे पाय वीतभर कापले, वेत काढून गोल भोकाची फळी बसवली आणि खाली प्लास्टिकचं भांडं सरकवलं. या वयात उंची गेली. पद तर आधीच गेलं होतं.

घरी आल्यावर प्रश्नाचं गांभीर्य समजलं. नाहिद मॅडमची नर्सरी जूनच्या शेवटी उघडणार होती. त्यांच्याकडे मदतीला एकच बाई, म्हणून त्यांची एकच अट होती: मूल डायपरशिवाय यावं. दिपालीची सुट्टी केव्हाच संपली होती, आणि पियुष एका हातानं पोराला धरून दुसऱ्या हातानं मोबाइल उघडायचा. पुसदच्या पुढे असलेल्या महागावहून दिपालीची आई, रुखमाबाई, रोज फोन करायची.

“जवाई, जमत नसन तर पोट्टं मह्याकडं आणून द्या. वरीसभर ठेवतो मी. तीन पोट्ट्या वाढवल्या म्या, एकीलेही खुर्ची नाई लागली.”

दिपालीनंही शेवटी मान हलवली. शाळा उघडायच्या आधीच्या रविवारपर्यंत पाहायचं, नाहीतर रजत वर्षभर महागावला. त्या दिवसापासून पियुष माझ्याकडे परीक्षेला बसलेल्या पोरासारखा पाहू लागला.

पहिल्या दिवशी त्यानं रजतला माझ्यावर बसवलं. “बस बाबू, शी कर. मी आलोच,” म्हणाला आणि गिऱ्हाईक आलं म्हणून दुकानात गेला. रजतनं असा टाहो फोडला की गिऱ्हाईकच आत धावत आलं. मी हादरले. खिळाच असणार, दुसरं काय?

माझ्यावरून उठला की रजत थेट कूलरच्या मागे जायचा. तिथे उभ्याउभ्या त्याचा चेहरा लाल आणि अतिशय गंभीर व्हायचा. असा चेहरा मी पूर्वी फक्त प्रबंधाच्या तोंडी परीक्षेत पाहिला होता. मग तो बाहेर येऊन शांतपणे सांगायचा, “झाली.”

पियुषनं सगळे उपाय केले. फ्रिजवर तक्ता लावला, जमलं की एक चांदणी. रजतनं सगळ्या चांदण्या कूलरला चिकटवल्या; एका अर्थी ते बरोबरच होतं. कार्टून दाखवलं, तर रजत माझ्यावर पाऊण तास मजेत बसला, कार्टून संपल्यावर उठला आणि कूलरमागे गेला.

एका दुपारी पियुषनं स्वतः बसून दाखवायचं ठरवलं. पँटसकट. “पाय बाबू, असं बसायचं, असा जोर लावायचा.” त्याचं वजन ऐंशी किलो. तो भोकात रुतला. तेवढ्यात शेजारचे फुलचंदकाका चार्जर न्यायला आत आले.

“काहून रे पियुष, काय करून राह्यला?”

“डेमो,” पियुष म्हणाला.

काकांनी त्याला ओढून काढलं. रजतनं टाळ्या वाजवल्या. माझा डावा पाय त्या दिवसापासून करकरतो.

शेवटच्या आठवड्यात रुखमाबाई स्वतःच आली. तिनं मला एका नजरेत नापास केलं. मग रजतला समोर धरून ती “शूऽऽ, शूऽऽ” अशी अर्धा तास शीळ घालत बसली. त्या शिळेनं पियुष दोनदा उठून गेला. फुलचंदकाका चार्जर परत द्यायला आले होते, तेही घाईनं घरी गेले. रजत जागचा हलला नाही.

“जिद्दी आहे पोट्टं,” रुखमाबाई म्हणाली. “बापावर गेलं.”

शनिवारी तिनं त्याची लाल बॅग भरली आणि दाराशी ठेवली. रविवारी सकाळी दिपाली ड्युटीवर जाताना रजतचा मुका घेऊन निघाली. दाराशी पोचल्यावर परत आली, पुन्हा घेतला. दहाच्या गाडीनं आजी-नातू महागावला निघणार होते.

नऊ वाजले होते. पियुषनं दुकान उघडलंच नाही. तो रजतजवळ फरशीवर येऊन बसला.

“बाबू, काय खेळाचं?”

“बस.”

मग घरातल्या सगळ्या खुर्च्या ओळीनं मांडल्या गेल्या. मी सगळ्यांत पुढे, कारण मी ठेंगणी. रजत माझ्यावर बसला, मागे रुखमाबाई पर्स मांडीवर घेऊन. पियुष कंडक्टर. त्यानं एक बंद पडलेला मोबाइल तिकिटाच्या मशीनसारखा गळ्यात अडकवला आणि ताटावर चमच्यानं दोनदा वाजवलं.

“चला, महागाव, महागाव! आजी, तुमाले अर्ध तिकीट.”

“तेही देत नाई मी,” रुखमाबाई म्हणाली. “जवायाची गाडी आहे.”

गाडी बरीच चालली. मग पियुषनं ताटावर एकदा वाजवलं आणि दिपाली म्हणते तसं, अगदी तिच्याच सुरात म्हणाला, “पुसद! गाडी दहा मिनिटं थांबन. ज्याले चहा घ्याचा त्यानं चहा घ्या, ज्याले जाऊन याचं त्यानं जाऊन या. शिटवर रुमाल ठेवा!”

रजत उठला. त्यानं पियुषकडे नीट पाहिलं.

“गाडी जाईन?”

“काहून जाईन? कंडक्टर खाली उभा आहे ना बाबू. कंडक्टरशिवाय गाडी जाते काय?”

“तू कुठी जाशीन?”

“कुठीच नाई. येथीच उभा हावो.”

रजतनं मागच्या एका रिकाम्या खुर्चीवर आपला रुमाल पसरला, चड्डी काढली आणि माझ्यावर बसला. रुखमाबाईनं तोंडावर पदर धरला होता. मग माझ्या भांड्यात तो आवाज झाला. एकतीस वर्षं मी राष्ट्रीय उत्पन्न वाढल्याच्या बातम्या ऐकल्या. असा आनंद एकदाही झाला नव्हता.

पियुषनं दिपालीला फोन लावला. मागे गाडीचा खडखडाट ऐकू येत होता.

“दिपाली, झाली! त्यानं केली!”

“कुठी?”

“पुसदले!”

“पुसदले? पुसदले कायले गेलते तुमी?”

रुखमाबाईनं फोन हिसकावला आणि सगळं सांगितलं. पलीकडे दिपाली हसत होती की रडत होती, हे मला नक्की सांगता येणार नाही. एवढं आठवतं की ती गाडीतल्या लोकांना काहीतरी म्हणाली आणि गाडीभर टाळ्या वाजल्या. दहाच्या गाडीनं रुखमाबाई एकटीच गेली. जाताना तिनं लाल बॅग स्वतः रिकामी केली आणि पियुषला म्हणाली, “जवाई, तुमी चांगले कंडक्टर झाले असते.”

सोमवारी पियुष घाईत ताट वाजवायला विसरला. रजत कूलरमागे गेला. मंगळवारी ताट वाजलं आणि गाडी पुन्हा रुळावर आली. असं मागे-पुढे बरेच दिवस चाललं.

नर्सरीच्या चौथ्या दिवशी नाहिद मॅडमनी पियुषला बोलावलं. परत आल्यावर तो रात्रीच्या जेवणात दिपालीला सांगत होता, “त्या म्हणे, पोट्टं बाथरूमपाशी उभं राह्यते अन् पुसद कव्हा येते म्हणून विचारते. मले सांगावंच लागलं.”

“मग?”

“मग काय! आता साडेदहाले मॅडम घंटी वाजवते, ‘गाडी दहा मिनिटं थांबेल’ म्हणते, अन् चौदाही पोट्टे रुमाल ठेवून जाते.”

यथावकाश रजतला माझी गरज उरली नाही. मला गच्चीवर नेलं. माझ्या भोकात मोगऱ्याची कुंडी बरोबर बसली. चार उन्हाळे मी तिथे काढले आणि त्या खिळ्याचा विचार केला. पोर महिनाभर रडलं, बाप रडकुंडीला आला, माझ्या एका खिळ्यामुळे.

मागच्या महिन्यात कुंडी काढून मला खाली आणलं. आता रजतची बहीण राखी दोन वर्षांची आहे. तिनंही पहिल्याच दिवशी टाहो फोडला. रजत, आता सात वर्षांचा, दप्तर टाकून तिच्यासमोर येऊन उभा राहिला.

“रडू नको. मी येथीच उभा हावो.”

“तू कायले रडे रे लहानपणी?” दिपालीनं त्याला विचारलं.

“पप्पा बसवून दुकानात जाये. मले वाटे गाडी सुटून जाईन.”

पियुष हातातला मोबाइल ठेवून आत आला आणि तोही रजतशेजारी उभा राहिला.

माझी एक विनंती आहे. पोराला बसवा तेव्हा “आलोच” म्हणून जाऊ नका. दहा मिनिटंच असतात.

रविवारी माझा करकरणारा पाय बसवायला रहमत मिस्त्री आला. त्यानं मला उलटं केलं आणि कडेकडेनं बोट फिरवलं. मी डोळे मिटून घेतले असते, डोळे असते तर.

“पियुषभाऊ, जुनं काम पाहा,” तो म्हणाला. “सगळ्या लाकडी खुंट्या. मीही फळी सरसानंच चिकटवली होती. या खुर्चीत एकही खिळा नाई.”