वरचे नऊ मार्क

मास्तरांना यातून मिळणार होती एक लोखंडी कॉट. दिसायला वृद्धाश्रमातल्या बाकीच्या चौदा कॉटसारखीच, एक पाय आखूड, त्याखाली पुठ्ठ्याची घडी. पण ती खिडकीला लागून होती, आणि खिडकी म्हणजे काय चीज असते ते संडासाच्या दाराशी दोन वर्षं झोपलेल्या माणसालाच विचारावं. खिडकीतून उजेड येई, रस्त्यावरची भांडणं येत, दुपारी वाऱ्याची झुळूक येई. मास्तरांच्या सध्याच्या कॉटवर यायचा तो फिनाइलचा वास, आणि तोही ज्या दिवशी फिनाइल टाकलं जाई त्याच दिवशी. एरवीचा वास सांगण्यासारखा नव्हता. शिवाय ती खोली दोघांचीच, आणि दुसरा गडी ठार बहिरा नि अबोल. म्हणजे सोबती म्हणून पहिल्या नंबरचा.

त्या कॉटवरचे गृहस्थ मागच्या मंगळवारी गेले. गादी अजून गच्चीवर वाळत होती तेवढ्यात चौघांनी आपापली नावं सांगून ठेवली. मास्तरांनी सांगितलं नाही. त्यांच्याकडे मॅनेजरबाई स्वतः आल्या.

"सर, तुमचं अक्षर काय सुंदर आहे हो!"

दोन वर्षांत बाईंनी मास्तरांचं अक्षर पाहिलं होतं ते फक्त तक्रारवहीत, आणि तेव्हा तोंडातून कौतुक निघालं नव्हतं. मास्तर सावध झाले.

"काम काय आहे ते सांगा, बाई."

काम असं होतं: सरकारी तपासणी आली होती. नव्या नियमाने अर्धे मार्क तपासणीबाईंनी द्यायचे आणि अर्धे इथे राहणाऱ्या माणसांनी. त्यासाठी वीस प्रश्नांचा फॉर्म, प्रत्येकाला पाच मार्क. एका लिहित्या-वाचत्या म्हाताऱ्याने सगळ्यांना विचारून तो भरायचा. फॉर्मात चाळीसच्या खाली आलं की नापास, चाळीस गाठले की पास, मग तपासणीबाईंचे मार्क कितीही असोत.

"नापास झालो तर टाळं लागेल हो," मॅनेजरबाई पदर सावरत म्हणाल्या. "मग तुम्ही चौदा जण कुठे जाणार, या विचाराने मला जेवण जात नाही." बाईंच्या तब्येतीकडे बघून जेवण जात नसावं असं वाटत नव्हतं. दाराशी थांबून त्या पुढे म्हणाल्या, "आणि तुम्हाला वाचायला उजेड लागतो, नाही का? मी विचार करतेय त्या खिडकीच्या कॉटचा."

मास्तरांनी पेन्सिल घेतली. आधी पेन्सिल, मग शाई, ही एकतीस वर्षांची सवय.

सुरुवात केली शेजारच्या कॉटपासून. तिथे ड्रायव्हर होता. आयुष्यभर बस चालवली आणि आता उजवं अंग गेलेलं. कूस बदलायची तर दुसऱ्याने, लघवीचं भांडं द्यायचं तर दुसऱ्याने. तोंड मात्र पूर्वीइतकंच चालू.

"प्रश्न चौथा," मास्तर म्हणाले. "हाक मारल्यावर किती वेळात माणूस येतं?"

"मास्तर, आमच्या डेपोत गाडी लेट व्हायची. पण यायची हो."

"मार्क सांगा. पाचपैकी."

"तुम्ही शाळेत गैरहजर पोराला किती द्यायचात?"

"एक लिहितो."

"लिहा. तो एकसुद्धा मावशीच्या नावाने. ती बिचारी धावते, पण चौदा जणांना दोन बायका, त्यातली एक सदानकदा स्वयंपाकघरात. तिला पाय किती आहेत?"

सातवा प्रश्न ओलं अंथरूण वेळेवर बदलण्याचा होता. ड्रायव्हर छताकडे बघत म्हणाला, "काल अकरा ते सव्वा वाजेपर्यंत मी कशात पडलो होतो ते तुम्हाला माहीत आहे. तुमचं नाक शाबूत आहे." तिथेही एक. नवव्यात, दुपारी खोल्यांकडे माणूस हजर असतं का, त्याने शून्य सांगितलं आणि एवढ्यावर न थांबता म्हणाला, "ठळक काढा. गोल गरगरीत."

मग डावा अंगठा पुढे केला. मास्तरांनी शाई लावून खाली उमटवून घेतला. मार्क अजून पेन्सिलीतच होते, पण ड्रायव्हरला त्याचं काही वाटलं नाही. ज्याच्या शेजारी दोन वर्षं झोपलो त्याच्या पेन्सिलीवर कोण संशय घेतो?

"आता बघा मास्तर," तो खुशीत म्हणाला. "खरं सांगितलंय. आता माणसं येतील."

वॉकर टेकत बाकीच्यांचं विचारून होईपर्यंत संध्याकाळ झाली. भिंतीकडच्या कॉटवरच्या आजी प्रत्येक प्रश्नाला "छान आहे, छान लिहा" म्हणत होत्या आणि मधेच हळूच विचारत होत्या, "बाईंना दाखवणार का हो हे?" दाखवणार नाही म्हटल्यावर त्यांनी सगळी उत्तरं पुन्हा पहिल्यापासून सांगितली, आणि ती ऐकून मास्तरांना खोडरबर घ्यावं लागलं.

चौथ्या, सातव्या आणि नवव्या प्रश्नांत ड्रायव्हरचेच आकडे कायम राहिले. बेरीज आली एकतीस.

मास्तरांनी ती तीनदा केली. गणिताचा माणूस, चूक नव्हती. नऊ मार्क कमी. आणि नऊ मार्क म्हटल्यावर त्यांचा हात आपोआप शिवशिवायला लागला, कारण नोकरीभर त्यांनी हेच केलं होतं. काठावर लोंबकळणारं पोर दिसलं की कुठे दोन, कुठे तीन घालून ते पलीकडे ढकलून द्यायचे. नापास झालेलं पोर पुन्हा शाळेत दिसत नाही, एवढं त्यांना ठाऊक होतं. त्यांनी वाचवलेली पोरं रस्त्यात वाकून नमस्कार करायची, आणि आपण आयुष्यात कोणाचं वाईट केलं नाही असं मास्तर म्हणायचे ते त्या नमस्कारांच्या जोरावर.

वृद्धाश्रमही त्यांना तसंच एक काठावरचं पोर वाटलं. ढ आहे, वांड आहे, पण शाळेतून काढून कसं चालेल? खिडकीचा विचार मनात नव्हता असं नाही. तो होता, पण सभ्य माणसासारखा मागच्या बाकावर बसला होता.

आता वाढवायचे कुठे? जिथे सर्वांत कमी तिथे वाढवणं सोपं. शिक्षकाचा हिशेब असाच चालतो. चौथ्यात एकाचे चार झाले. सातव्यात एकाचे चार. नवव्यातल्या गोल गरगरीत शून्याला डावीकडून खोडून तीन करता आले. बरोब्बर चाळीस. मग त्यांनी शाईने गिरवलं. अक्षर खरोखरच सुंदर आलं.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला तपासणीबाई आल्या. वय तिशीच्या आतलं, बुटांना चिखल, खांद्यावरच्या पिशवीतून फायली डोकावताहेत. ऑफिसच्या खोलीत मास्तरांना समोर बसवून त्यांनी फॉर्म वाचला, आणि वाचताना त्यांचा चेहरा उतरत गेला.

"चाळीस? काका, मी स्वतः पंचवीसच्या वर जात नव्हते हो."

"पास झाले ना पण?" मास्तरांनी विचारलं. त्यांना शाबासकी अपेक्षित होती.

"झाले ना. म्हणजे आता तीन वर्षं मला इथे पाय ठेवायचं कारण नाही." त्यांनी फाईल मिटली. "नापास झाले असते तर सोमवारी दोन बायका आणि एक नर्स पाठवली असती आमच्याकडून. सहा महिने. पगार इथल्या मालकाच्या खिशातून. मी यादीत नावंसुद्धा लिहून ठेवली होती."

"आणि टाळं?"

"टाळं कोण लावतंय? चौदा म्हातारी माणसं घेऊन मी काय ऑफिसात बसू?" त्या हसल्या, पण दमलेल्या होत्या. "नापासाला आम्ही शिकवणी लावतो, काका. शाळेतून काढत नाही."

तपासणीबाईंनी फॉर्म पुन्हा उघडला, त्यांच्यापुढे सरकवला आणि पेन त्यावर आडवं ठेवलं.

"माझी सही अजून व्हायची आहे. काही बदलायचं असेल तर आत्ता बदला. मी विचारणार नाही का म्हणून."

दार उघडं होतं. पॅसेजमधून मॅनेजरबाई चालल्या होत्या आणि त्यांच्या पुढे मावशी, डोक्यावर मास्तरांची वळकटी घेऊन, खिडकीच्या खोलीकडे. मावशीने जाता जाता आत पाहिलं. मास्तरांनी पेनाकडे पाहिलं. एकतीस वर्षांत दिलेला मार्क त्यांनी एकदाही मागे घेतला नव्हता. पालक रडले, मुख्याध्यापक ओरडले, तरी नाही. मास्तरांचा निकाल म्हणजे निकाल, असं लोक म्हणायचे. हे आठवलं तेव्हा त्यांना फार बरं वाटलं, कारण खिडकी सोडून दुसरं काहीतरी कारण हवंच होतं.

"नाही," ते म्हणाले. "विचार करूनच दिलेत."

तपासणीबाईंनी सही केली.

पुढचं झपाट्याने झालं. पास झाल्याचा कागद मॅनेजरबाईंनी दर्शनी भिंतीवर लावला आणि आठवड्याच्या आत मावशीला काढून टाकलं. तिने विचारलं, माझं चुकलं काय? बाई म्हणाल्या, "काहीच नाही. हाकेला पाचपैकी चार मिळालेत आपल्याला. मग एवढी माणसं कशाला?" मावशी चपला घालून गेली. जाताना खिडकीच्या खोलीत डोकावून म्हणाली, "उजेड बरा आहे ना, मास्तर?" मास्तरांनी पेपर वर धरला.

ड्रायव्हरला आता स्वयंपाकघरातली बाई सांभाळायची, म्हणजे भांडी झाल्यावर. मास्तर दोन-तीनदा त्याच्याकडे जाऊन बसले. तो विचारायचा, "माणसं कधी यायचीत हो?" आणि मास्तर म्हणायचे, "सरकारी काम आहे, वेळ लागतो." नंतर त्यांचं जाणं कमी झालं.

एका दुपारी तीनच्या आसपास ड्रायव्हरच्या हाका सुरू झाल्या. पॅसेजच्या त्या टोकावरून या टोकाला त्या स्पष्ट येत होत्या. पहिल्यांदा मावशीच्या नावाने, सवयीने, मग बाईंच्या, मग नुसतं "अहो, कोणी आहे का?" बहिऱ्या सोबत्याला ऐकू येत नव्हतं. मास्तरांना येत होतं. त्यांनी घंटा दाबली, पुन्हा दाबली. स्वयंपाकघरातली बाई गच्चीवर चादरी वाळत घालत होती. आता येईल, मास्तर मनात म्हणाले, आणि वॉकर कॉटपासून हातभर लांब होता, तो त्यांनी ओढून घेतला नाही. मग "मास्तर!" अशी एक हाक आली. त्यानंतर धप्प आवाज.

भांडं स्वतःच घ्यायला गेला होता. डाव्या हाताने.

खुब्याचं हाड मोडलं. हॉस्पिटलात अठरा दिवस होता, त्यातले शेवटचे चार शुद्धीवर नव्हता. त्याची मुलगी एका पॅकिंगच्या कारखान्यात पाळीवर काम करायची. ती अठरा दिवस त्याच्या उशाशी बसली. एकोणिसाव्या दिवशी सामान न्यायला आली. सामान म्हणजे दोन पायजमे, एक कंगवा आणि एक नवी उशी, तिनेच दोन महिन्यांपूर्वी आणलेली.

"काका, बाबांनी त्या फॉर्ममध्ये काय सांगितलं होतं हो? शेवटपर्यंत म्हणत होते, मी खरं सांगितलंय, आता माणसं येतील."

"खरंच सांगितलं होतं त्यांनी," मास्तर म्हणाले. "सगळं खरं."

"मग?"

मास्तरांनी हात हवेत हलवला. त्यात सरकार आलं, नशीब आलं, जे हवं ते आलं. मुलीने डोळे पुसले आणि उशी त्यांच्या कॉटवर ठेवली.

"तुम्ही शेजारी होतात म्हणून त्यांना आधार होता. ही राहू द्या तुम्हाला."

मास्तरांनी नको म्हटलं. दोनदा म्हटलं. तिसऱ्यांदा म्हटलं नाही.

ती गेल्यावर त्यांनी सवयीने बेरीज मांडली. मॅनेजरबाईंचं काही गेलं नाही. एक पगार वाचला आणि भिंतीवर कागद आला. मावशीची नोकरी गेली. मुलीच्या जागी अठरा दिवसांत कारखान्याने दुसरी मुलगी घेतली होती, हे ती जाता जाता सहज बोलून गेली होती. मग मास्तर स्वतःच्या नावापाशी आले आणि आपलं काय गेलं ते प्रामाणिकपणे शोधू लागले. भूक लागत होती. चष्मा जागच्या जागी होता. झोपही, खोटं कशाला बोला, लागत होती. बराच वेळ शोधून एक कवडीही हाती लागेना, तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की त्यांच्या वाटचंही ड्रायव्हरनेच भरलं होतं.