खडूच्या रेघेबाहेर वीतभर

गुलिजारने वर्कशॉपच्या जमिनीवर खडूने एक चौकोन आखला होता. त्याच्या एका बाजूला छताचा खांब, दुसऱ्या बाजूला चहाची शेगडी ठेवलेला कट्टा. मधल्या जागेत परवापर्यंत लोखंड कातायचा जुना लेथ उभा होता.

"काम सोपं जावो," मी दारातूनच म्हणालो. कुणी काम करत असेल तर आमच्याकडे एवढे म्हटल्याशिवाय पुढे जात नाहीत.

"या होजाम. पण चौकोनात पाय नका ठेवू. तिथं मशीन आहे."

"दिसत नाही ते?"

"मला दिसतंय ना!"

तुर्कस्तानातल्या कोन्या शहराच्या तांत्रिक शाळेत मी तिला लेथ शिकवला. तिच्या वर्गात ती एकटीच मुलगी होती, आणि मोजमाप चुकले तर रडण्याऐवजी पट्टीवर रागवायची. आता वडिलांचे वर्कशॉप ती चालवते. तिथे ट्रॅक्टरच्या तेलनळ्यांना लागणारे लोखंडी जोड बनतात. मला होजाम, म्हणजे गुरुजी, म्हणायची तिची सवय काही गेली नाही.

नव्या मशीनचा प्रश्न खरे तर बेकिर उस्ताच्या खांद्याचा होता. बेकिर मूळचा पूर्वेकडच्या एर्झुरुमचा, पण तिच्या वडिलांच्या वेळेपासून इथेच लेथवर, म्हणून सगळे त्याला उस्ता, म्हणजे कसबी कारागीर, म्हणतात. जुन्या लेथमध्ये प्रत्येक जॉब, म्हणजे कातायचा तुकडा, हाताने उचलून चकच्या फिरत्या पकडीत धरायचा, कातून झाला की हाताने काढायचा. दिवसभर हेच चालायचे. त्या उचलण्यात उजवा खांदा गेला. डॉक्टरांनी सांगितले, या हाताने आता वजन उचलायचे नाही. पेन्शनला अजून काही वर्षे होती, आणि एवढ्याशा वर्कशॉपमध्ये बसून करायचे काम नव्हतेच.

"मशीननं स्वतःच जॉब लावला आणि काढला," गुलिजार म्हणाली, "तर उस्तांनी नुसती देखरेख करायची. तसं नाही झालं तर..."

"तर उस्ता घरी बसून भेंडीचं सूप पिणार," बेकिरने वाक्य पुरे केले. "पण बायकोनं सांगून ठेवलंय, तू दिवसभर घरात बसणार असशील तर मी कामाला जाते."

आम्ही हसलो. बेकिर मात्र फारसा हसला नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघे मशीन विकणाऱ्याकडे गेलो. गुलिजारने आपल्याच लोखंडाचे कापलेले तुकडे पोत्यात भरून घेतले होते. दुसऱ्याच्या पिठावर तंदूर कशाला पारखायचा, असे तिचे म्हणणे. पोते उचलायला बेकिर वाकला, तेव्हा तिने त्याच्याकडे नुसते पाहिले. त्याने हात मागे घेतला.

दुकानातला विक्रेता ओरचुन इझमिरचा होता. तरतरीत आणि बोलका. त्याने दाखवलेला लेथ खरोखरच आटोपशीर होता. चौकोनात बसून वर झाडू ठेवण्यापुरती जागा उरली असती. शेजारी यंत्रहात बसवला होता. लेथचे दार आपोआप उघडायचे, हात आत जाऊन झालेला जॉब काढायचा, नवा लावायचा, दार मिटायचे. माणसाने फक्त कच्चे तुकडे ट्रेमध्ये मांडून ठेवायचे.

ओरचुनने आमच्या पोत्यातले काही तुकडे ट्रेमध्ये मांडून मशीन सुरू केले आणि आम्ही रांगेने उभे राहून बघू लागलो. दार उघडले. ओरचुनने हातातल्या हूकने आतला कीस जरा बाजूला ओढला, यंत्रहाताने जॉब बदलला, दार मिटले. पुन्हा उघडले, पुन्हा हूक, पुन्हा हात. बोलता बोलता सगळे लयीत चालले होते.

"हाताला सुख लाभो," बेकिर त्या यंत्रहाताला म्हणाला. "खांदा दुखत नाही ना रे बाबा?"

गुलिजारचा चेहरा उजळला. "होजाम, हेच घेऊ या?"

"मला तर ठीक वाटतंय," मी म्हणालो.

"मग आधी चहा, कागद नंतर," ओरचुन म्हणाला. मशीन चालू ठेवून तो आम्हाला काचेच्या केबिनमध्ये घेऊन गेला.

इथे चहाचा एक बारकावा सांगायला हवा. ग्लास रिकामा झाला आणि आणखी चहा नको असला की आपण चमचा ग्लासवर आडवा ठेवतो. तोवर यजमान ओततच राहतो. गुलिजारने आणि मी पहिल्याच ग्लासानंतर चमचे आडवे ठेवले. पण बेकिर पडला एर्झुरुमचा. ते लोक साखर चहात ढवळत नाहीत. खडा दातांत धरून त्यावरून चहा पितात. त्याच्या बशीत चमचाच नव्हता, मग आडवा काय ठेवणार? आणि परक्याने ओतलेल्या चहाला तोंडाने नको म्हणणे त्याला जमत नाही. ओरचुनने ओतला, याने प्यायला. याने प्यायला, त्याने ओतला. मधूनच ओरचुन काचेतून मशीनकडे पाहायचा, उठू लागायचा, तोवर बेकिरचा ग्लास पुन्हा रिकामा झालेला असायचा.

"उस्ता, वाळवंटातून आलात का?" गुलिजार कुजबुजली.

"हा थांबेल तर मी थांबीन ना!" बेकिर दातांतल्या साखरेआडून म्हणाला.

तेवढ्यात मशीनवर लाल दिवा लागला.

आम्ही बाहेर आलो. जॉबभोवती लोखंडी किसाचे भेंडोळे झाले होते आणि यंत्रहाताची बोटे त्यात अडकून पडली होती. संत्रे सोलताना साल न तुटता लांबच लांब निघते ना, तसे आमचे मऊ लोखंड सोलले जाते. ती फीत चकभोवती गुंडाळत जाते. मग लेथवाला हूक घालून तिला ओढून काढतो.

बेकिर त्या भेंडोळ्याकडे बराच वेळ बघत राहिला. मग त्याने ओरचुनच्या हाताकडे पाहिले. हूक अजून हातातच होता, केबिनमध्येसुद्धा तो घेऊनच आला होता.

"पोरा, तू दर वेळी कीस काढत होतास."

"मी?" ओरचुनने हूककडे असे पाहिले, जणू तो कुणी दुसऱ्यानेच हातात दिला होता. त्याचे कान लाल झाले. "शपथ घेऊन सांगतो उस्ता, माझ्या ध्यानातच आलं नाही. इथं रोज पितळ कापून दाखवतो, त्याचा कीस भुगा होऊन पडतो. तुमचं लोखंड लागलं आणि हात आपोआप..."

त्याला बोल लावण्यात अर्थ नव्हता. आम्ही तिघेही समोर उभे होतो. त्याचा हूक आत जाताना तिघांनीही पाहिला होता आणि तिघांनाही तो दिसला नव्हता. लेथवर उभे राहणाऱ्याला कीस ओढणे म्हणजे पापणी लववणे. पापण्या कोण मोजतो?

गुलिजार पोत्यावर बसली. "म्हणजे दर जॉबला माणूस लागणारच. पुन्हा तोच हात, तोच खांदा."

बेकिरने आपला खांदा दुसऱ्या हाताने धरला होता.

"ओरचुन बे," मी बे, म्हणजे साहेब, लावून विचारले, "किसाचं स्वतःच बघणारं मशीन आहे का तुमच्याकडे?"

"आहे, होजाम. पलीकडचं. त्यात कूलंटच्या पाण्याची धार जोरानं थेट टूलच्या टोकावर बसते, त्यामुळे फीत तुटते. आतला उतारही जास्त आहे, तुकडे घसरून पट्ट्यावर पडतात आणि बाहेर जातात. पण ते रुंद आहे, आणि तुम्ही आल्या आल्या लहान मागितलंत."

गुलिजारने टेप लावला. तिच्या हिशेबात मशीन वर्कशॉपमधल्या खडूच्या रेघेबाहेर वीतभर जात होते.

"खांब तर हलायचा नाही," ती म्हणाली. "चहाचा कट्टा हलवावा लागेल. खांबापलीकडे."

"चहा हलवायचा?" बेकिर दचकला. "तुझ्या वडिलांनी मांडलाय तो तिथं! त्यापेक्षा मलाच हलव."

"तुम्हाला हलवायला लागू नये म्हणूनच चहा हलवतेय, उस्ता."



"पण आधी परीक्षा," मी म्हणालो. "आपलंच लोखंड, पूर्ण ट्रे, आणि मशीनजवळ कुणी नाही."

गुलिजारने ओरचुनच्या हातातला हूक काढून घेतला. मग बेकिरसमोर तळहात पसरला. त्याने निमूटपणे खिशातून आपला हूक काढून दिला. मला हसू आले, तेव्हा तिने हात माझ्याकडे वळवला.

"होजाम, तुमचाही."

"मी निवृत्त आहे, पोरी."

"कोटाचा डावा खिसा."

तो तिथे होता खरा. सवय म्हणून.

पुन्हा चहा झाला. या वेळी सगळ्यांनी काचेकडे पाठ केली. ओरचुनने बेकिरपुढे मुद्दाम चमचा ठेवला.

"ठेव, ठेव," बेकिर म्हणाला, "पण आज मी तो आडवा करत नाही."

पाठीमागे दार उघडल्या-मिटल्याचा आवाज येत राहिला. दर वेळी दार उघडले की बेकिरचा उजवा हात मांडीवर हलायचा आणि तो डाव्या हाताने त्याला दाबून धरायचा. मग आवाज थांबला.

"थांबलं," गुलिजार म्हणाली. ग्लास तिने इतका हळू खाली ठेवला की बशी वाजलीसुद्धा नाही.

आम्ही वळलो. हिरवा दिवा होता. कच्च्या तुकड्यांचा ट्रे रिकामा झाला होता आणि सगळे जॉब पलीकडे ओळीने मांडलेले होते. बेकिरने एक उचलला, आट्यांवरून अंगठा फिरवला, उजेडात धरून आतून पाहिला.

"याला शिव्या घालायला जागाच ठेवली नाही," तो म्हणाला.

मशीन बसल्यावर एकदा मी सहज वर्कशॉपमध्ये डोकावलो. कट्टा खांबापलीकडे गेला होता. तिथून मशीन अजिबात दिसत नाही. बेकिर डाव्या हाताने चहा ओतत होता, पण त्याचे कान सगळे खांबाच्या पलीकडे. दोन घोट घेऊन तो उठला, मशीनपाशी गेला, त्याने काचेतून आत वाकून पाहिले. हात खिशाकडे गेला. खिसा रिकामा होता. हूक तर गुलिजारच्या टेबलाच्या खणात.

"काम सोपं जावो," तो मशीनला म्हणाला आणि परत आला.

"उस्ता, कुणाला म्हणालात?" गुलिजार हसत होती.

"तिथं कुणी तरी काम करतंय ना, पोरी? मुक्यानं कसं परत यायचं?"

त्याने साखरेचा खडा दातांत धरला आणि या वेळी बसूनच राहिला.