घंटीची दुसरी चोरी

या, असे जवळ सरका. खांबाआड बसलेल्यांनीही पुढे यावं. आज चोरीची गोष्ट सांगायची आहे, आणि चोरीही अशी, की वरच्यानेही हसून मान फिरवली असेल.

एक कंडक्टर मावशी होत्या. बसमधून निवृत्त झाल्या, जीभ मात्र नोकरीतच राहिली. पोरासोरांचे गुन्हे कोर्टात जाण्याआधी समोरासमोर बसून मिटवणारं वस्तीत एक मंडळ होतं. तिथे त्या सेवेला लागल्या. नियम एकच: सगळ्यांनी गोल बसायचं, एक वस्तू हातोहात फिरवायची. ती ज्याच्या हाती, त्यानेच बोलायचं, बाकीचे मुके. हा नियम मावशींनी सांभाळायचा, म्हणजे मांजराकडे शिंक्याची राखण!

पहिल्याच दिवशी मावशी ती वस्तू घरी विसरल्या. समोर त्या दिवशीच्या तंट्याचं मूळ, बेकरीवाल्याची पितळी घंटी होती. गल्लीत 'वावटळ' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पोरीने काउंटरवरून उचललेली, आता परत आलेली.

"मग हीच घेऊ की!" मावशी म्हणाल्या.

घंटी बेकरीवाल्याच्या हाती गेली आणि तिथेच मुक्कामाला राहिली. आजोबांची आठवण झाली, पिठाचे भाव झाले, हल्लीची पोरं झाली. थांबवणार कोण? नियम! पोरीची आई घड्याळाकडे बघून पदर पिळत होती. आज समेट झाला नाही, तर प्रकरण कोर्टात जाणार होतं. आणि पोरगी तर मिठाची गुळणी धरून बसलेली.

घाम पुसायला बेकरीवाल्याने घंटी मांडीवर ठेवली. पोरीचा हात हळूच सरकला.

बसच्या गर्दीत खिशाकडे निघालेला हात मावशींना पाठ फिरवलेली असली तरी कळायचा. "अगं ए!" ओठांवर आलं. जन्मात पहिल्यांदा त्यांनी शब्द गिळला. उचलताना घंटी किणकिणणार, तोच मावशी अशा काही खोकल्या, की छतावरची कबुतरं उडाली.

"पाणी देऊ का, मावशी?" बेकरीवाला वळला. परत बघतो तर मांडी रिकामी.

"चोर! पुन्हा!"

"काका, बसा. घंटी माझ्याकडे आहे," पोरगी म्हणाली. "आता तुम्ही मुके."

त्याने मावशींकडे पाहिलं. मावशींनी ओठांवर बोट ठेवलं.

"रांगेत मी पहिली असते. घंटी वाजवते. तुम्ही म्हणता, थांब गं, मोठ्यांचं होऊ दे. तोवर पाव संपतो, आणि घरी आई विचारते, कुठे उंडारत होतीस? वाजवूनही ऐकूच येत नाही, तर ठेवता कशाला? म्हणून नेली." मग आवाज खाली आला. "पण चुकलं माझं."

तिने घंटी त्याच्या हातात ठेवली. गडी घंटीकडेच बघत राहिला. तिच्या आईकडे बघायचं त्याने टाळलं.

"सकाळच्या गर्दीत मोठा आवाजच तेवढा ऐकू येतो गं मला," तो म्हणाला. "रविवारी काउंटरला उभी राहशील? ज्याचा नंबर, त्याच्यासाठी घंटी तू वाजवायची. मी त्यालाच देईन."

पोरीने उत्तरासाठी घंटीकडे हात नेला. त्याने ती घट्ट धरली. "आता मागून घ्यायची!"

"द्या ना, काका."

घंटी मिळाली. "येईन," ती म्हणाली, आणि आईने पदर सोडला.

बाहेर पडताना बेकरीवाल्याने मावशींना गाठलं. "खरं सांगा, तुम्ही पाहिलंत ना?"

मावशींना पुन्हा खोकला आला.

तेव्हा मंडळी, रांगेत तुमच्यापुढे एखादं लहानगं असलं, तर त्याचा नंबर गिळू नका. आणि घसा ठणठणीत असताना खोकलेल्या त्या मावशींची तेवढी आठवण असू द्या.